फेकून पाहिलंस का?

ऑक्टोबरातला दुसरा शनिवार होता. मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेताच्या कडेला आमच्या मॉडेल रॉकेटच्या क्लबातल्या लोकांच्या गाड्या लागल्या होत्या, गवत अजून ओलं होतं, आणि मी तपासणीच्या टेबलापुढे रांगेत तिसरी उभी होते. हातात बाल्साच्या हलक्या लाकडाचं ग्लायडर, त्याच्या शेपटाला जोडलेला बूस्टर, म्हणजे त्याला आधी वर ढकलणारा खालचा टप्पा. इथे काहीही उडवायचं तर आधी या टेबलावरून जावं लागतं. टेबलामागे बहुतेक वेळा एक आजोबा बसतात. वय ऐंशीच्या पुढे, बोटांच्या सांध्यांना गाठी आलेल्या, पण त्या बोटांत दिलेली नाजूक वस्तू कधी दबल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यांनी माझं यान उचललं, बूस्टरचे फिन, म्हणजे त्याचे छोटे पंख, एकेक करून हलवून पाहिले, दारूवर जळणाऱ्या दोन मोटर्सच्या जोडावरची चिकटपट्टी नखानं चाचपली आणि मान वर न करता विचारलं, "फेकून पाहिलंस का?" इंग्रजीत तू-तुम्ही काही नसतं, पण त्यांचं बोलणं माझ्या कानाला पहिल्या दिवसापासून 'तू' असंच ऐकू येतं.

मी म्हटलं, "हो."

नव्हतं पाहिलं.

आणि त्या 'हो'वर त्यांनी माझ्या कार्डावर सही केली.

तसं ते अगदी निखळ खोटं होतं असंही नाही. ऑगस्टअखेरीस मी हे ग्लायडर घरामागच्या हिरवळीवर तीसेक वेळा तरी फेकलं होतं. खांद्याच्या उंचीवरून, वाऱ्याकडे तोंड करून, नाक किंचित खाली ठेवून. हात जोरानं झटकायचा नाही, ग्लायडर हातातून सुटू द्यायचं. पहिल्या फेकीला त्यानं मान वर केली, क्षणभर हवेत थबकलं, मग नाक टाकून खाली घसरलं, पुन्हा मान वर, पुन्हा घसरण. लाटांवर होडी चालावी तसं. म्हणजे शेपूट जड. मग नाकाला ज्वारीच्या दाण्याएवढी क्ले लावायची आणि पुन्हा फेकायचं. आता सरळ खाली चाललंय? दाण्यातला अर्धा काढायचा. असं करत करत संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला ते एकदा हातातून सुटलं आणि कुठलीही तक्रार न करता, पायरीवरून पाणी ओघळावं तसं, कुंपणापर्यंत गेलं. त्या वेळी मी एकटीच होते. तोंडातून "अगं बाई" एवढंच निघालं.

पण मधे एक रात्र गेली होती. शुक्रवारी रात्री ते खोक्यात ठेवताना थर्मासचं झाकण त्याच्यावर पडलं आणि उजवा पंख मधोमध तडकला. बाल्सा तडकतं तेव्हा मोठा आवाज होत नाही. पापड मोडल्यासारखा एक बारीक 'कट्' होतो, आणि तो पोटात ऐकू येतो. साडेअकरा वाजले होते, बाहेर पाऊस. सुपरग्लूनं चीर सांधली, वरून लाकडाचा पिवळा गोंद फिरवला, पोटाकडून बाल्साची आगकाडीएवढी पट्टी ठिगळासारखी लावली आणि झोपले. पावसात फेकणार कुठे? सकाळी निघायला उशीर झाला. मैदानावर पोचले तेव्हा वारा पडलेला होता आणि तो तसाच राहील याची खात्री नव्हती. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, मोटर्स काढून पाच-सहा वेळा फेकून यायला वीस मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत.

मी एका प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर नमुन्यांवरची लेबलं जुळवून पाहायची आणि सही करायची. न पाहता सही मी आजवर एकदाही केलेली नाही, म्हणूनच तो 'हो' इतक्या सहज कसा निघाला याचं मला अजून नवल वाटतं.

हा छंद मला चाळिशीनंतर लागला. किट येतं ते एका चपट्या पाकिटात. लेझरनं कापलेले बाल्साचे तीन पातळ तक्ते, कागदाच्या दोन नळ्या, तारेचा एक तुकडा, थोडा लवचीक दोरा आणि घड्या घातलेलं सूचनापत्रक. पाकीट हातात घेतलं तर आत काही आहे की नाही असा प्रश्न पडावा इतकं हलकं. पंखाच्या पुढच्या कडेला लाकडाची रेघ समांतर ठेवायची, मग पॉलिशपेपर घ्यायचा. आधी २२० नंबर, मग ४००. पुढची कड गोल, मागची सुरीसारखी पातळ. घासताना जी पांढरी पूड पडते तिला काहीच वास नसतो, पण ती भुवयांवर बसते, चहात पडते, दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या स्वेटरवर सापडते. रॉकेटला लोक हौसेनं चकचकीत रंग देतात. ग्लायडरला रंग द्यायचा नाही, रंगालाही वजन असतं. मी फक्त पंखाच्या पोटावर जाड काळ्या मार्करनं पट्टे ओढले, आभाळात दिसावं म्हणून.

यात खरी गंमत, आणि खरा घोर, वेगळाच आहे. वर जाणारी वस्तू आणि खाली तरंगत येणारी वस्तू यांना लागणाऱ्या गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध असतात. रॉकेटला सरळ जायचं असतं. त्याचा तोल पुढे हवा, आणि पंखाची मागची झडप सपाट हवी, नाहीतर ते वर जाता जाता पाठीवर कलंडून कोलांटी मारतं. ग्लायडरला मात्र तीच झडप थोडी वर उचललेली लागते. ती सपाट राहिली तर ते सुरीसारखं जमिनीत घुसतं. एकाच लाकडाच्या तुकड्याला आधी एक स्वभाव आणि मग दुसरा, आणि मधला बदल कुणाचा हात न लागता शंभर मीटर उंचीवर व्हायचा. माझ्या किटमध्ये याची सोय अगदी साधी आहे. नळीत मोटर बसलेली असते तोवर तिच्या अंगानं एक तार दाबली जाते आणि तारेनं झडप सपाट राहते. मोटरचं काम संपलं की तिच्यातलाच शेवटचा बार तिला मागे ढकलून देतो. मोटर एका लाल फितीसह खाली येते, तार मोकळी होते, आणि लवचीक दोरा झडप वर ओढतो. किती? माझ्या ग्लायडरवर तीन मिलिमीटर. पूर्ण उतरणं त्या तीन मिलिमीटरवर आहे. मी टेबलाशी बसून ती मोटर हातानं आत घालत असे आणि बाहेर काढत असे, फक्त ती झडप उठताना पाहायला. टिक्. पुन्हा आत. टिक्.

त्यात माझं यान दोन टप्प्यांचं. खालच्या टप्प्यात बी६-० मोटर, वरच्यात ए८-३. अक्षर म्हणजे एकूण ताकद: 'ए' अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, 'बी' पाचापर्यंत, प्रत्येक पुढचं अक्षर मागच्याच्या दुप्पट. मधला आकडा सरासरी रेट्याचा. शेवटचा आकडा सेकंदांचा, जळण संपल्यावर शेवटचा बार उडेपर्यंतचा. खालच्या मोटरला तिथे शून्य, कारण तिच्यात थांबणंही नाही आणि शेवटचा बारही नाही. तिची दारू जळत जळत वरच्या टोकाशी आली की उरलेला पातळ थर फुटतो, आणि ती आग थेट वरच्या मोटरच्या तोंडात जाते. दोघींना जोडून ठेवणारी असते फक्त सेलोटेपची एक फेर. वरची पेटली की तिच्या दाबानं फेर सुटते आणि खालचा टप्पा गळून पडतो. हे सगळं एका क्षणात होतं, आणि त्या क्षणी यानाचं तोंड जिकडे असेल तिकडे वरची मोटर त्याला नेते. वर असेल तर वर. वाऱ्यानं आडवं झालं असेल तर आडवं, माणसांकडे असेल तर माणसांकडे. त्या दिवशी दोरीपलीकडे, ओल्या गवतावर चादर टाकून, दोन लहान मुलं सफरचंदं खात बसली होती. रांगेत उभी असताना मी त्यांना पाहिलं होतं.

टप्प्याटप्प्यांनी वर जायची ही कल्पना माझ्या अगदी शेजारची आहे, हे मला इथे राहायला येऊन बरीच वर्षं झाल्यावर कळलं. रॉकेटचे आद्य संशोधक रॉबर्ट गोडार्ड इथल्याच वूस्टरचे. तिथेच १८८२ साली जन्मले. १९१४च्या जुलैत त्यांना दोन पेटंटं मिळाली, एक टप्प्यांच्या रॉकेटचं आणि दुसरं द्रव इंधनाच्या रॉकेटचं. शेजारच्या ऑबर्न गावात त्यांच्या लांबच्या नात्यातल्या एका बाईंचं शेत होतं. गोडार्ड त्यांना 'आंट एफी' म्हणत. त्या शेतात १६ मार्च १९२६ रोजी पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारं पहिलं रॉकेट उडालं. अडीच सेकंद. उंची साडेबारा मीटर, म्हणजे येवल्यातल्या आमच्या घरावर दुसरं तसंच घर ठेवलं तर जेवढी होईल तेवढी. छप्पन्न मीटर लांब जाऊन ते कोबीच्या वाफ्यात पडलं. पत्नी एस्थर चित्रफितीचा कॅमेरा घेऊन उभ्या होत्या, पण त्याची चावी काही सेकंदांतच संपायची, आणि रॉकेट जागचं हलेपर्यंत ती संपली होती. उड्डाणाची चित्रफीत नाही. आहे ते दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत. त्या जागी आता गोल्फचं मैदान आहे आणि एक दगडी खूण. मी तिथे जाऊन आले. मला त्या खुणेपेक्षा ती नोंद जास्त थोर वाटते. अडीच सेकंद झाले तर अडीच लिहायचे, तीन लिहायचे नाहीत. पाहायला दुसरं कोण होतं? मोजकी माणसं आणि संपलेली चावी.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारनंतर मला ती नोंद पुन्हा पुन्हा आठवत राहिली.

मी मूळची येवल्याची. बाहेरच्यांना येवला म्हटलं की पैठणी आठवते. आम्हाला येवला म्हटलं की संक्रांत. भोगी, संक्रांत आणि कर, तीन दिवस गाव गच्चीवर. कौलांवर, पत्र्यांवर, पाण्याच्या टाक्यांवर माणसं, खाली गल्लीत हलकडी वाजते आहे, आणि प्रत्येकाच्या हातात आसारी. आसारी म्हणजे बांबूची मांजा गुंडाळायची चक्री. ती दोन्ही हातांत घेऊन अशी फिरवायची की पतंग पुढे जाईल तेवढाच धागा सुटेल आणि मागे येईल तेवढाच गुंडाळला जाईल. दादा पतंग उडवायचा, मी आसारी धरायची. कुणी म्हणेल, मुलीला मागे उभं केलं. मला तसं कधी वाटलं नाही. पतंग कुठे चालला आहे हे उडवणाऱ्याला डोळ्यांनी कळतं. आसारी धरणाऱ्याला ते तळव्यात कळतं, आणि थोडं आधी कळतं.

पतंगांची तयारी आप्पा करत. आप्पा मागावर बसत, त्यामुळे हात सावकाश आणि नजर बारीक. भोगीच्या आदल्या संध्याकाळी ते वीस-पंचवीस पतंग घेऊन ओटीवर बसायचे, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात. प्रत्येक पतंगाला मंगळसूत्र, म्हणजे मांजा जोडायचा दुहेरी दोरा, बांधून झालं की ते एका बोटावर टांगायचे आणि नुसते पाहत राहायचे. पतंग हळूहळू कुठल्या तरी बाजूला झुकायचा. कमानीची एक बाजू थोडी जाड राहिलेली असायची, किंवा कागदाच्या चिकटवलेल्या कडेत खळ जास्त गेलेली असायची. मग हलक्या बाजूला चिंधीचा एक बारीक तुकडा. पुन्हा टांगायचा, पुन्हा पाहायचं. एकदा दादा वैतागून म्हणाला, "आप्पा, दहा मिनिटांत काटला जाणार आहे तो." आप्पांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "बाई, आधी त्याला इचारावं, कुनीकडं जायचंय तुला. मग आपलं सांगावं."

पंचवीसच्या पंचवीस पतंगांना विचारायचे. एकालाही सोडायचे नाहीत.

माझं यान तिसऱ्या पॅडवर लागलं. नव्वद सेंटिमीटरची बारीक सळई, तिच्यावर बूस्टरच्या अंगची छोटी नळी ओवायची, मोटरच्या तोंडात पेटवणीची तार बसवायची, तारेच्या दोन टोकांना दोन चिमटे. चिमट्यांची तोंडं काळी पडलेली असतात, ती पॉलिशपेपरवर घासून घ्यावी लागतात. वाकून हे करत असताना उजवा पंख डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होता आणि ठिगळाच्या कडेला सुकलेला गोंद उन्हात चमकत होता. त्या वेळी परत फिरता आलं असतं. चिमटे काढायचे, यान उचलायचं, टेबलापाशी जाऊन सांगायचं. मी सरळ उभी राहिले आणि चालत दोरीमागे आले. माइकवरून माझं नाव पुकारलं गेलं, इथल्या जिभेला जमेल तसं. दोन टप्पे आहेत, सगळ्यांनी वर लक्ष ठेवा, असं सांगितलं गेलं. पाच, चार, तीन, दोन, एक.

आधी फुस्स, मग कापड फाटल्यासारखा आवाज. सळई सोडून ते निघालं ते अगदी सरळ. अर्धा-पाऊण सेकंद, आणि धुरात एक ठिणगी लुकलुकली. खालचा तुकडा सुटून कोलांट्या घेत पडू लागला, आणि वर दुसरा आवाज, पहिल्यापेक्षा बारीक. पेटलं. दुसरा टप्पा पेटला की मैदानावर एक सामाईक उसासा येतो, ओळखीचे-अनोळखी सगळे एकाच वेळी श्वास सोडतात. ग्लायडर वर जाताना स्वतःभोवती एक संथ गिरकी घेत होतं, पोटावरचे काळे पट्टे दिसत-लपत होते. कुणीतरी म्हणालं, किती सुंदर. मग जळण संपलं, मागे फक्त पांढऱ्या धुराची रेघ, आणि तीन सेकंद काहीच नाही. त्या तीन सेकंदांत ते अजून वर जात असतं, पण आपल्याला थांबल्यासारखं वाटतं. मग लांबून 'टप्'. लाल फीत वेगळी झाली. आणि त्या टाचणीएवढ्या दिसणाऱ्या वस्तूनं नाक सावरलं आणि ती बसली हवेवर.

मला दुसरा शब्द सुचत नाही. बसली. पाटावर माणूस बसतं तशी.

ती उजवीकडे वळत मोठं वर्तुळ घेऊ लागली. एक, मग त्याच्या शेजारी दुसरं. मैदानाच्या मधे नांगरलेला पट्टा आहे, ऊन आलं की तिथून गरम हवा वर चढते आणि ससाणे तिच्यावर फिरतात. त्या हवेत ती शिरली आणि तिसरं वर्तुळ खाली न येता झालं. खाली सगळे माना वर करून उभे. बंदुकीच्या दारूचा वास वाऱ्यानं आमच्यापर्यंत आला, आणि मी एकदम नरकचतुर्दशीच्या पहाटेत. उटण्याचा हात, अंगणात दादानं बाटलीत लावलेला बाण, आई ओरडते आहे, अरे लांब हो. त्या बाणाच्या उतरण्याचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता. तो वर फुटायचा आणि संपायचा, काडी कुणाच्या कौलावर पडली ते दुसऱ्या दिवशी कळायचं. इथे मात्र फुटल्यानंतर गोष्ट सुरू होते. एक मिनिट चौदा सेकंद ती हवेत राहिली. मैदानाच्या आतच, पॅडपासून चाळीस पावलांवर, गवताच्या शेंड्यांना पोट घासत थांबली.

टाळ्या वाजल्या. मी आनंदानं रडवेली झाले होते, हेही खरं सांगायला हवं. त्या सव्वा मिनिटात मला खोट्याची आठवणही झाली नाही. ती झाली आजोबा टेबल सोडून माझ्यापर्यंत चालत आले तेव्हा. गवतातून चालायला त्यांना त्रास होतो. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि शेजारच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पाहिलंस? हातानं फेकून फेकून तोल साधला की असं होतं."

मी त्या मुलाकडे पाहून हसले.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी ग्लायडर स्वयंपाकघराच्या टेबलावर घेतलं. जाड पुठ्ठ्यात दोन टाचण्या उभ्या केल्या आणि नाक व शेपूट त्यांच्यावर टेकवून हात काढून घेतला. जे शुक्रवारी रात्री पाच मिनिटांत करता आलं असतं, पावसातसुद्धा, घरातल्या घरात, कोपऱ्यात. ते हळूच उजवीकडे झुकलं. ठिगळाची पट्टी, तिच्यावरचा गोंद, सुकताना पंखाला पडलेला केसभर पीळ. वर जाताना सगळ्यांना आवडलेली ती संथ गिरकी त्या पिळाची होती. आणि खाली येताना ज्या वळणानं ते मैदानाबाहेर गेलं नाही, ज्या वळणानं ते गरम हवेत टिकून राहिलं, ते वळण गोंदाच्या वजनाचं होतं. ऑगस्टमध्ये मी ते सरळ जाईल असं साधलं होतं. सरळच गेलं असतं तर त्या उंचीवरून रस्त्यापलीकडच्या झाडीत गेलं असतं आणि मी ते पुन्हा पाहिलं नसतं. पीळ उलट्या बाजूला पडला असता तर वजन एकीकडे ओढणार आणि पंख दुसरीकडे. किंवा पीळ दुप्पट असता तर ती गिरकी संथ राहिली नसती, आणि खालचा टप्पा सुटला तेव्हा नाक कुठे असतं ते मला माहीत नाही. सफरचंद खाणारी ती दोन मुलं नेमकी कुठे बसली होती ते मात्र अजून डोळ्यांपुढे आहे.

हा छंद मुळात सुरूच झाला तो मुलांचे हात वाचवायला. पन्नासच्या दशकात अमेरिकेतली पोरं घरच्या घरी दारू कालवून पाइपात ठासायची. बोटं जायची, डोळे जायचे, काही जीवही गेले. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी ऑरव्हिल कार्लाइल नावाचा एक जोड्यांचा दुकानदार होता, शोभेच्या दारूचा जाणकार. त्यानं आणि त्याच्या भावानं १९५४ साली कागदाच्या नळीत तयार ठासलेली, एकदाच वापरून टाकून द्यायची मोटर आणि तिच्यावर उडणारं, छत्रीनं खाली येणारं छोटं रॉकेट तयार केलं. पुढे १९५७ मध्ये त्यानं ते हॅरी स्टाइन यांना पाठवलं. स्टाइन यांनी व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेलं, त्यामुळे सुरक्षेचे नियम म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक. दारूला हात लावायचा नाही, धातूची नळी नाही, वीजेनं दुरून पेटवायचं, पाच मीटर लांब उभं राहायचं. लाकूड, कागद, प्लास्टिक. आमच्या टेबलावरची सगळी प्रश्नोत्तरं त्यातूनच आलेली. आणि त्यांतले बरेचसे प्रश्न असे आहेत की विचारणाऱ्याला उत्तर तपासता येत नाही. फिन हलवून पाहता येतो, चिकटपट्टी चाचपता येते. फेकून पाहिलं की नाही हे मात्र समोरच्याच्या तोंडूनच कळायचं.

पंधरा दिवस मी आजोबांना ईमेल लिहीत होते आणि पुसत होते. लिहिलं की फार मोठं वाटायचं, नाही लिहिलं की घशात अडकायचं. दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "अगं, उडालं ना? मग?" दादा असाच आहे आणि त्याचं खरं आहे. पण थोड्या वेळानं तोच म्हणाला, "आप्पा असते तर काय म्हणाले असते गं?" आम्ही दोघंही जाणून होतो. आप्पा काहीच म्हणाले नसते. त्यांनी ते बोटावर टांगलं असतं.

त्याच फोनवर त्यानं विचारलं की हे असलं खरंखुरं कुणी करतं का, की नुसता खेळ. मी त्याला २३ मे २०१६ची आठवण करून दिली. श्रीहरिकोट्याहून इस्रोनं पंखांचं यान उडवलं होतं, पावणेदोन टनांचं, खाली घन इंधनाचा बूस्टर. बूस्टर सुटला, यान पासष्ट किलोमीटरपर्यंत गेलं आणि पंखांवर वळत बंगालच्या उपसागरात उतरलं. दादानं ते टीव्हीवर पाहिलं होतं आणि विसरला होता. "म्हणजे तुझंच की," तो म्हणाला. आकार सोडला तर माझंच. वर जाताना एक आणि येताना दुसरं व्हायचं, हा पेच त्यांनाही चुकलेला नाही. फक्त ते कुणालाही विचारून खात्री करून घेत नसणार, मोजूनच घेत असणार.

नोव्हेंबरातला शनिवार कडक थंडीचा निघाला. गवतावर दहिवर, माणसं कमी. तपासणीच्या टेबलावर आजोबा कानटोपी घालून बसले होते. मी ग्लायडर पुढे ठेवलं, तेच, ठिगळासकट. मधल्या दिवसांत मी ते घासून काढलं नव्हतं, त्याला हात लावावा की नाही हे मला ठरवता आलं नव्हतं. त्यांनी फिन हलवले, चिकटपट्टी चाचपली.

"फेकून पाहिलंस का?"

"नाही," मी म्हटलं. "आणि मागच्या वेळीही नव्हतं पाहिलं. मी हो म्हटलं होतं."

त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. बराच वेळ ग्लायडरकडेच पाहत राहिले. मग हातमोजा काढला, उजव्या पंखाच्या पोटावरून अंगठा फिरवला, ठिगळापाशी आल्यावर थांबवला, परत मागे नेला. शेजारच्या माणसाला म्हणाले, "जरा टेबल बघ." आणि उठून चालू लागले. मला काही बोलले नाहीत, पण ग्लायडर त्यांच्या हातात होतं, तेव्हा मी मागोमाग गेले. मैदानाच्या टोकाशी, ओक वृक्षांच्या रांगेजवळ, वारा अडतो अशा जागी ते थांबले. दोन्ही मोटर्स काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवल्या. झडप 'टिक्' करून वर आली. मग ग्लायडर माझ्या हातात दिलं.

मी वाऱ्याकडे तोंड केलं, नाक किंचित खाली धरलं आणि सुटू दिलं. दहिवरावरून ते वीस पावलं सरळ गेलं, मग उजवा पंख खाली टाकून वळलं, आणि अर्धं वर्तुळ पुरं करून आमच्याच दिशेनं येत त्यांच्या बुटाजवळ टेकलं. ते सावकाश वाकले, गुडघ्यावर हात ठेवून. उचललं, पंखावरचं दहिवर बाहीनं टिपलं, आणि ग्लायडर माझ्यापुढे धरलं.

"पुन्हा फेक."